नवऱ्याच्या मित्राचं दुकान आणि थारची पाच चाकं

या वेळचं पत्र जुन्नर तालुक्यातून आलंय. लिहिणाऱ्या ताई गुरांच्या डॉक्टर आहेत. पत्र लांब होतं, त्यातला कामाचा भाग त्यांच्याच शब्दांत देतो.

"माझ्याकडे २०२२ ची महिंद्रा थार आहे. डिझेल, एलएक्स, फोर बाय फोर. ५४ हजार किलोमीटर झाले. आठवड्यातले पाच दिवस नारायणगाव-ओतूरच्या बाजूला, मळ्यांमधून. पावसाळ्यात मात्र हातवीज, दुर्गवाडी, अंजनावळे असं वर जावं लागतं. गाय अडली की रात्री दोनलाही फोन येतो. कंपनीचे २५५/६५ आर १८ टायर आता गुळगुळीत झालेत. माझ्या मिस्टरांच्या वर्गमित्राचं टायरचं दुकान आहे. ते म्हणतात, १७ इंची नवे अलॉय रिम घाला, थोडे बाहेर आलेले, त्यावर २८५/७० चे मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे खोल नक्षीचे टायर, गाडी दोन इंच उचलू, मग बघा वाघ दिसेल वाघ. चाकातले प्रेशर सेन्सर काढताना मोडतातच, म्हणून ते काढून साधे व्हॉल्व्ह बसवू आणि हवं तर बाहेरून टोपीसारखे बसणारे सेन्सर देऊ, असंही म्हणाले. माझा भाऊ न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो मी इथून सेन्सर पाठवतो. मिस्टर म्हणतात, मित्राला नाही कसं म्हणायचं. गाडी मी चालवते, पैसेही माझेच आहेत. काय करू?"

डॉक्टर ताई,

जुन्नरमध्ये वाघ दिसायला थार कशाला लागते, उसात बिबटे आहेतच की. तुमच्या गाडीनं रात्री दोन वाजता अडलेल्या गाईपर्यंत पोचायचंय, तेव्हा तेवढ्यापुरतंच बोलू.

आधी मापाचा हिशोब मांडू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. २५५/६५ आर १८ म्हणजे टायर २५५ मिलिमीटर रुंद, त्याच्या ६५ टक्के उंचीची बाजू, आणि आत १८ इंचाची रिम. गुणाकार-बेरीज केली की चाकाची उभी उंची येते साधारण ७८९ मिलिमीटर. २८५/७० आर १७ ची येते ८३१. फरक ४२ मिलिमीटरचा. आता चाक मोठं झालं की आस उचलला जातो तो या फरकाच्या निम्म्यानं, म्हणजे २१ मिलिमीटर. जमिनीपासून तुमच्या गाडीची मोकळी उंची कंपनी २२६ सांगते, ती २४७ होईल. मोठ्या चाकांवर एवढा खर्च करून आसाखाली मिळाले दोन सेंटिमीटर. एखाद्या धोंड्यावर ते कामी येतील, नाही असं नाही. पण त्याबदल्यात काय जातं ते दुकानात कुणी सांगत नाही.

स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, चाक केवढं आहे ते त्याला कळत नाही. चाक सव्वापाच टक्क्यांनी मोठं झालं की काटा ८० दाखवेल तेव्हा तुम्ही ८४ वर असाल. गिअर तेवढेच लांबल्यासारखे वाटतील, चढावर पूर्वी तिसऱ्यात जायची तिथं गाडी दुसरा मागेल. मड टेरेनचं जाड रबर कितीतरी किलोंनी जड असतं आणि ते वजन फिरणारं असतं, त्यामुळे गाडी पळायला आळशी आणि थांबायलाही आळशी. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की रुंद टायर आत घासतो, म्हणून गाडी उचलायची. गाडी उचलली की चाकांचे आणि शाफ्टचे कोन बदलतात, म्हणून आणखी दोन भाग घाला. एका कामापाठी दुसरं काम असं हे लचांड असतं. हौस म्हणून ज्याला त्यात पडायचंय त्यानं खुशाल पडावं, मी स्वतः एकेकाळी पडलेलो आहे. पण ज्याची गाडी हेच त्याचं दवाखान्याचं दार आहे, त्यानं पडू नये.

एक गोष्ट तर सगळेच विसरतात. थारची स्टेपनी मागच्या दाराला लटकते. चार चाकं मोठी केली तर पाचवंही मोठं करावं लागतं, आणि ते जड धूड त्या दाराच्या बिजागरींवर खड्ड्याखड्ड्याला आदळत राहतं. काही महिन्यांनी दार खाली बसतं, कुरकुरायला लागतं. पाचवं जुन्याच मापाचं ठेवलं तर त्याहून वाईट. तुमची गाडी फोर हायला, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गिअरला टाकली की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना जखडतात. त्यात एक चाक चार सेंटिमीटरनं लहान असेल तर घट्ट रस्त्यावर सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही आसांना ताकद वाटणाऱ्या डब्यावर येतो. रात्री दोनला पंक्चर झालं की हे आठवणार नाही, स्टेपनी लावून तशीच चिखलात घालाल.

आता बाहेर आलेले अलॉय. रिमवर ऑफसेटचा आकडा असतो, ईटी म्हणून. तो जितका कमी, तितकं चाक मडगार्डच्या बाहेर. दिसायला रुबाबदार, पण चिखल थेट दारावर आणि आरशावर उडतो आणि बेअरिंगवर तिरका भार पडतो. शिवाय कायद्याची बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ रूपात परस्पर बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावून सांगितलंय. रस्त्यात पोलीस अडवतील की नाही हा नशिबाचा भाग. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडीभोवती फिरतो, तो मापं वाचतो. तिथे वाद नको असेल तर कागदावर आहे तेच चाकाला असू द्या.

तेव्हा माझं म्हणणं असं: रिम आहेत त्याच ठेवा, माप २५५/६५ आर १८ हेच ठेवा, फक्त टायर ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे घ्या. आणि पाच घ्या.

मड टेरेन का नको, ते नीट सांगतो, कारण तुमच्या मिस्टरांचे मित्र इथे अगदीच चूक नाहीत. हातवीजच्या वाटेवर, भातखाचरांच्या कडेनं जो लाल चिखल होतो, त्यात मड टेरेनची खोल नक्षी स्वतःचा चिखल स्वतः झटकत पुढे जाते. ऑल टेरेन तिथे भरून जातो, पुरणपोळीसारखा गुळगुळीत होतो. हे खरं आहे. पण तुमच्याच पत्रावरून मी हिशोब केला. वर्षाचे तीनशे दिवस गाडी फिरते धरलं, तर असा चिखल किती दिवस? तीस? बाकीचे दिवस तुम्ही डांबरावर, मुरमावर आणि मळ्यातल्या बैलगाडीच्या वाटेवर असता. ओल्या डांबरावर मड टेरेनची पकड कमी पडते, कारण रस्त्याला टेकणारं रबरच कमी आणि तेही कडक. माळशेजच्या उतारावर पावसात, धुक्यात, समोरून कांद्याचा ट्रक येताना ब्रेक दाबायचाय, त्या क्षणाला कुठला टायर खाली हवा ते ठरवा. आवाज तर विचारू नका, साठच्या पुढे गाडीत मधमाश्यांचं मोहोळ बसल्यासारखं वाटतं. फोनवर शेतकऱ्याला औषधाचं नाव सांगायची पंचाईत.

त्या तीस दिवसांसाठी वेगळा उपाय आहे, स्वस्तातला. हवा कमी करा. चिखल किंवा सुटा खडक लागला की स्टिकरवर ३२ पौंड (पीएसआय) असेल तर २२-२४ वर या. टायर खाली पसरतो, जास्त जमीन धरतो, टोकदार काळ्या दगडावर फाटण्याऐवजी दगडाभोवती वाकतो. वेग मात्र तीस-चाळीसच्या आत, आणि वळणावर झटका द्यायचा नाही. डांबरावर परत आलात की हवा पुन्हा भरायची. गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घ्या, त्याच्यासोबत हवा मोजायचा, काटा असलेला एक चांगला गेज. पेट्रोलपंपावरचा गेज दिवसाला शंभर वेळा जमिनीवर आपटलेला असतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

(स्टिकर म्हणजे ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर असतो तो. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा जास्तीत जास्त हवेचा असतो, भरायचा नसतो. ५० वाचून ५० भरणारे सुशिक्षित लोक मी पाहिलेत. आणि हवा सकाळी, गाडी निघण्याआधी पाहायची. टायर तापला की आकडा चार-पाचनं वर जातो, तो पाहून कुणी हवा काढली तर दुसऱ्या दिवशी टायर उपाशी.)

आता तुमचा खरा प्रश्न, सेन्सर.

काढू नका. तुमच्याइतकी त्याची गरज फार कमी लोकांना असते. मळ्यातल्या वाटेवर बाभळीचा काटा टायरमध्ये शिरतो आणि तिथेच बसून राहतो. हवा भसकन जात नाही, रात्रभरात चार पौंड, दुसऱ्या दिवशी आणखी चार. टायर डोळ्याला ठीक दिसतो, या जाड बाजूच्या टायरांत तर वीस पौंडावरही कळत नाही. मग तुम्ही तसंच महामार्गाला लागता, बाजू वाकत-वाकत तापते आणि टायर फुटतो. हवा उतरल्याचा इशारा देणारा दिवा गाड्यांत आला तोही अशाच प्रकारानंतर. अमेरिकेत सन २००० च्या सुमारास फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांचे फायरस्टोन टायर फुटून, गाड्या उलटून माणसं गेली. त्यानंतर तिथे कायदा झाला, आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या लहान गाडीत हवेचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. हवा ठरलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्क्यांनी उतरली की दिवा लागलाच पाहिजे, असा तो नियम. म्हणजे ३२ ची २४ झाली की. तुमच्या गाडीत तर नुसता दिवा नाही, चारही चाकांचे आकडे पडद्यावर येतात. काटा शिरला तर संध्याकाळी घरी येतानाच कळतं, एक आकडा बाकीच्यांपेक्षा खाली दिसतो. एवढी सोय कंपनीनं दिलेली असताना ती उपटून कचऱ्यात कशाला टाकायची?

"काढताना मोडतातच" यातला "च" खोटा आहे. घाई केली की मोडतात. मला हे अंगाशी आलेलं आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानात टायर बदलायला दिले आणि मी समोर चहाला गेलो. परत आलो तर गाडी तयार. चाळीसेक किलोमीटर गेल्यावर मागच्या डाव्या चाकातून हळू वेगात टक-टक ऐकू यायला लागलं आणि पडद्यावर त्या चाकाच्या जागी नुसत्या रेघा. दुसरीकडे टायर उघडला तर आत काडेपेटीएवढा काळा डबा तुटून लोळत होता, आणि रिमला साधा रबरी व्हॉल्व्ह. कुणी काही बोललं नव्हतं, बिलात व्हॉल्व्हचे पैसे मात्र होते. तेव्हापासून मी चहा दुकानातच मागवतो.

तुम्हीही तिथेच उभ्या राहा. काय पाहायचं ते सांगतो. तुम्ही गाईच्या पोटातून वासरू फिरवून काढता, हे त्यापुढे काहीच नाही.

सेन्सर व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, रिमच्या पोटात असतो. बाहेरून धातूचा व्हॉल्व्ह आणि त्याच्या बुडाशी नट दिसला तर तो आतल्या सेन्सरचाच. चाक उतरवण्याआधी प्रत्येक टायरवर खडूनं लिहून घ्या, पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. कारण प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो आणि गाडी त्या क्रमांकावरून जागा ओळखते. अदलाबदल झाली तर हवा जाईल डाव्याची आणि तुम्ही काटा शोधाल उजव्यात.

मग व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची. त्यानंतर मशीनचं फावडं टायरची कड रिमपासून सुटी करतं. सेन्सर मोडण्याची पहिली जागा ही. फावडं व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला, म्हणजे अर्धा फेरा लांब लागलं पाहिजे. मुलगा व्हॉल्व्हजवळ फावडं लावायला लागला की "बाळा, तिकडून" एवढं म्हणा. काही जाणकार कारागीर वरची कड सुटी झाली की बाहेरचा नट काढून सेन्सर हळूच टायरच्या आत पाडून ठेवतात, मग टायर निवांत काढतात. असं करणारा भेटला तर त्याला पाणी विचारा, तो काम जाणतो. दुसरी जागा टायर चढवताना. कड शेवटी जिथे ताणली जाऊन आत पडते तिथे सेन्सर नको, नाहीतर ती कड त्याच्यावरच बसते.

टायर निघाला की सेन्सर तसाच परत लावायचा नसतो. त्याच्या बुडाशी रबरी वायसर असतो, चार वर्षांत तो दबून कडक होतो. वायसर, नट, पिन आणि टोपी असा एक छोटा संच मिळतो, सर्व्हिस किट म्हणतात. तो प्रत्येक टायरबदलाला नवा. दुकानदार "चालतंय की" म्हणेल, पण नंतर याच जागेतून झुरझुर हवा जाते आणि दोष नव्या टायरला लागतो. पिन निकेलचा मुलामा दिलेलीच हवी. साध्या पितळेची पिन अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये पाणी लागून गंजते आणि गच्च बसते, मग पिन काढायला जावं तर व्हॉल्व्हच तुटतो. कोकणातल्या, गोव्यातल्या वाचकांना हे जास्तच लागू, खारी हवा हे काम दोन पावसाळ्यांत करते. टोपीही प्लास्टिकचीच ठेवा, चकचकीत धातूच्या टोप्या अशाच चिकटून बसतात. नट मात्र पान्ह्याला लोंबकळून आवळू नये, तो अगदी हलक्या हाताचा असतो. जास्त आवळला की व्हॉल्व्हला केसाएवढी चीर जाते.

कड रिमवर बसवायला साबणाचं पाणी किंवा टायरची पेस्ट. आणि कड "ठप" आवाज करून बसते तोवर हवा भरताना ४० पौंडाच्या वर जाऊ द्यायचं नाही. नाही बसली तर हवा सोडून, पुन्हा साबण लावून पहिल्यापासून. स्प्रे मारून काडी लावायचे व्हिडिओ हल्ली पोरं बघतात. ते तुमच्या चाकावर होऊ देऊ नका.

सेन्सर उभ्या गाडीत झोपलेले असतात, बॅटरी वाचवायला. त्यामुळे चाकं बसवल्यावर लगेच पडद्यावर रेघा दिसल्या तर भांडू नका. गाडी दहा-पंधरा मिनिटं रस्त्यावर फिरवून आणा, आकडे येतील. मग एक परीक्षा घ्या. पुढच्या डाव्या टायरची पाच पौंड हवा सोडा, पुन्हा चक्कर मारा आणि पडद्यावर कुठला आकडा उतरला ते पाहा. पुढचा डावाच उतरला तर क्रम बरोबर. दुसराच उतरला तर दुकानातल्या यंत्रानं किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये क्रम पुन्हा शिकवून घ्या, दोनशे किलोमीटरनंतर नव्हे, त्याच दिवशी.

बॅटरीचं म्हणाल तर ती सेन्सरच्या आत लाखबंद असते, बदलता येत नाही, ती संपली की अख्खा सेन्सर नवा. आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं. तुमचे चार वर्षांचे आहेत. सगळे आत्ताच बदला असं मी म्हणणार नाही. पण दुकानात सेन्सर वाचायचं यंत्र असेल तर टायर बसवण्याआधी चारही वाचून घ्या. एखादा मरायला टेकलेला निघाला तर टायर उघडा असतानाच तो बदला, उघडायची मजुरी तरी वाचेल.

भावाला प्रेमानं नाही म्हणा. अमेरिकेत बऱ्याचशा गाड्यांचे सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात, आपल्याकडच्या गाड्या ४३३ वर ऐकतात. डबा तोच, व्हॉल्व्ह तोच, रिममध्ये बसेलही मस्त, पण गाडीला त्याचं बोलणं ऐकूच येणार नाही. तिथेही काही ४३३ चे मिळतात, पण ते तुमच्या गाडीची भाषा बोलतील का हा पुढचा प्रश्न उरतोच. त्याला म्हणावं, काही पाठवायचंच असेल तर एक चांगला टायर गेज पाठव. तो कुठल्याही देशात चालतो.

बाहेरून टोपीसारखे बसणारे सेन्सर वाईट नसतात. ज्यांच्या गाडीत काहीच नाही त्यांना मी तेच सुचवतो. पण तुमच्या वाटेवर ते उसाच्या पाचटात, दगडाला अडकून तुटतील. रबरी व्हॉल्व्हवर लावले तर त्यांच्या वजनानं व्हॉल्व्ह जोरात फिरताना वाकत राहतो आणि बुडाशी चिरतो. शिवाय गोठ्याबाहेर रात्रभर उभ्या गाडीवरून चार चमकत्या टोप्या सकाळपर्यंत राहतील याची हमी कोण देणार?

आणखी एक, दुकानात काट्यांवर उपाय म्हणून टायरमध्ये जेल भरून देतो म्हणतील. सेन्सर ठेवणार असाल तर जेल नाही. त्याचं हवेचं भोक बारीक असतं, जेलनं बुजलं की आकडा तिथेच अडकतो. काटा निघाला की पंक्चर आतून पॅच लावून काढून घ्या, बाहेरून कोंबलेली पट्टी घरी पोचण्यापुरती. टायरच्या बाजूला भोक पडलं तर मात्र पॅच नाही, पट्टी नाही, टायर बाद.

टायर घेताना बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांच्या पुढचे शेवटचे चार आकडे वाचा. १४२५ असेल तर २०२५ च्या चौदाव्या आठवड्यातला माल. पाचही जवळपास एकाच काळातले मागा, आयएसआयची खूण बघा. मापानंतर येणारा भाराचा आकडा तुमच्या जुन्या टायरपेक्षा कमी नको. १०९ म्हणजे एका टायरवर १,०३० किलो, १११ म्हणजे १,०९०. मापाआधी एलटी लिहिलेला ट्रकछाप टायर दाखवला तर नको म्हणा. त्याला तोच भार पेलायला जास्त हवा लागते, मग स्टिकरचाही हिशोब चुकतो आणि सेन्सरच्या इशाऱ्याचाही.

नट कसताना मुलगा हवेची गन घेऊन येईल. काढायला गन चालेल, आवळायला नाही. आधी हातानं, मग चांदणीसारखे समोरासमोरचे, शेवटी गाडी जमिनीवर टेकल्यावर टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोरानं आवळलं ते मोजणाऱ्या पान्ह्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्याला. गननं आवळलेला नट रात्री दोनला तुमच्या हातानं सुटणार नाही, हे कारण दुकानात सांगा, लगेच पटतं. शंभरेक किलोमीटरनंतर एकदा पुन्हा कसून घ्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा, नव्या टायरवर कारखान्यातला बुळबुळीतपणा असतो. अलाइनमेंट त्याच दिवशी करा. आणि चिखलातून आल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं तर बॅलन्सिंग गेलं म्हणून धावू नका, आधी रिमच्या आतली बाजू पाण्याच्या जोरानं धुवा. वाळलेला पावशेर चिखल एका बाजूला चिकटला की अशीच थरथर होते. मी यासाठी दोनदा पैसे घालवून मग शहाणा झालो.

राहिला मित्राचा प्रश्न. त्यांना "नाही" म्हणायची वेळच का आणायची? मिस्टरांना पुढे करू नका, स्वतः जा. म्हणा, "भाऊजी, पाच ऑल टेरेन तुमच्याकडूनच घेते, कंपनीच्याच मापाचे. चार सर्व्हिस किट, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, सगळं तुमच्याकडेच. फक्त अलॉय आणि लिफ्ट राहू द्या, माझे पेशंट गाडी बघत नाहीत." पाच टायरचं गिऱ्हाईक कुणी हातचं घालवत नाही. प्रत्येक गोष्टीचा वेगळा दर कागदावर लिहून घ्या, मैत्रीत हे जास्त गरजेचं असतं. आणि विचारा, "सेन्सर तुमच्या हातून मोडला तर भरून कोण देणार?" हे काम सुरू व्हायच्या आधी विचारायचं. उत्तर देताना ते अडखळले तर टायर त्यांच्याकडून घ्या आणि बसवून दुसरीकडून आणा. तसं करायला लाज वाटायचं कारण नाही. तुम्हीही अवघड बाळंतपण दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवताच ना.

सोमवारी सकाळी जा, रविवारी दुकानात जत्रा असते आणि त्या गर्दीतच सेन्सर मोडतात. जुन्या पाचातला बरा असेल तो एक टायर घरी ठेवून घेऊ नका, जागा अडते आणि पावसाचं पाणी साचून डास होतात. नवी स्टेपनी मागच्या दारावर चढली की तिच्यात हवा दोन-तीन पौंड जास्तच भरून घ्या. तिच्यात बहुतेक सेन्सर नसणार, म्हणजे पडद्यावर तिची हवा कधीच दिसणार नाही. महिन्यातून एकदा, लसींच्या फ्रिजचा बर्फ काढता त्या दिवशी, तिलाही गेज लावत जा.